मूत्राचा सामू आणि प्रतिजैविकांची परिणामकारकता : श्वान व मार्जार यांच्या मूत्ररोगांच्या संदर्भात

(बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमावर्ती तालुक्यांत काम करणाऱ्या मराठी भाषक पशुवैद्यकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील जनावरांच्या दवाखान्यांचा कारभार पूर्वापार गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्याभोवती फिरत आला आहे. देवणी जातीच्या गोवंशाचा हा मुलूख आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा हात ज्या औषधांवर बसला, तो याच जनावरांवर उपचार करताना बसला. परंतु आता दवाखान्याच्या दारात कुत्रीही येऊ लागली आहेत. तुरीच्या शेतातील आखाड्यावर राखण करणारी गावठी कुत्री येतात, शिकारी बांध्याची कारवानी कुत्री येतात आणि बीदर-कलबुर्गीसारख्या शहरांतील घरांत पाळलेली परदेशी जातींची कुत्री व मांजरेही येतात. गायीवर ज्या इंजेक्शनाने दोन दिवसांत गुण येतो, तेच इंजेक्शन कुत्रीच्या मूत्राशयदाहावर पाच दिवस देऊनही लघवीतील पू का हटत नाही, असा प्रश्न अशा वेळी पडतो. औषध बनावट असावे किंवा जंतू दाद देईनासा झाला असावा, असा तर्क बहुधा केला जातो. ही दोन्ही कारणे संभवतात. पण तिसरे एक कारण आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते म्हणजे ज्या द्रवात ते औषध काम करते, त्या मूत्राची आम्लता. निरोगी गायीच्या मूत्राचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो, तर मांसाहारी श्वानाच्या व मांजराच्या मूत्राचा सामू ५.५ ते ७ च्या दरम्यान. या दोन द्रवांत एकच औषध सारख्याच जोमाने काम करील, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

सामू ही संज्ञा आपल्या शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या अहवालामुळे परिचित आहे. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली ही मोजपट्टी सुचविली. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु या पट्टीवरील एक अंक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा पटींचा फरक होय, ही गोष्ट विसरली जाते. सामू ८ असलेल्या मूत्राच्या तुलनेत सामू ६ असलेल्या मूत्रात हे आयन शंभर पटींनी अधिक असतात. बीदरच्या पठारावरची जांभ्याची तांबडी माती आणि कलबुर्गीकडील चुनखडीयुक्त काळी माती यांत एकाच खताचा उपयोग पिकाला सारखा होत नाही, हे आपला शेतकरी अनुभवाने जाणतो. स्फुरद तेवढेच घातलेले असते, पण पिकाला ते किती मिळेल हे मातीचा सामू ठरवितो. मूत्रातील औषधाचीही स्थिती बरीचशी अशीच आहे.

मूत्र आम्लधर्मी होणे वा अल्कधर्मी होणे हे मुख्यतः आहारावर अवलंबून असते. मांस, अंडी, मासळी यांतील प्रथिनांमध्ये गंधक असते. त्याचे शरीरात ज्वलन होऊन सल्फेट व त्यासोबत आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडामार्गे बाहेर टाकले जाते. उलटपक्षी कडबा, हिरवा चारा, पालेभाजी यांत सेंद्रिय आम्लांचे पोटॅशियमयुक्त क्षार विपुल असतात. त्यांचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते आणि मूत्र अल्कधर्मी बनते. येथे आपल्या भागापुरती एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाश्चात्य पाठ्यपुस्तकांतील श्वानमूत्राचे आकडे मांसाधिष्ठित आहारावरील कुत्र्यांचे आहेत. आपल्याकडील आखाड्यावरचा कुत्रा ज्वारीची भाकरी, ताक, वरण-भात आणि कधीमधी मिळालेले हाड यांवर जगतो. त्याच्या मूत्राचा सामू पुस्तकातील आकड्याशी जुळेलच असे नाही. शिवाय जेवणानंतर जठरात आम्ल स्रवत असताना रक्तात काही काळ अल्कता वाढते आणि त्या अवधीतील मूत्रही अल्कधर्मी होते. तेव्हा एकाच कुत्र्याचा सकाळी उपाशीपोटीचा आणि जेवणानंतर तीन तासांनी घेतलेला सामू भिन्न येणे हे स्वाभाविक आहे. म्हणून अंदाज बांधू नये, मोजावे. सामूपट्टीची किंमत ती काय!

जुना अनुभव

हा विचार नवा नाही. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी मानवी वैद्यकात मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर मूत्र आम्लधर्मी करणे हाच एक प्रमुख उपचार होता. १९३० नंतरच्या काही वर्षांत रुग्णांना अतिस्निग्ध आहार देऊन शरीरात कीटोन आम्ले निर्माण करण्याची पद्धत अमेरिकेत वापरली गेली. लंडनमधील रोझनहाइम यांनी १९३५ साली मॅन्डेलिक आम्लाचा उपयोग दाखवून दिला, तोही मूत्र पुरेसे आम्लधर्मी असेल तरच होत असे. यास्तव त्याच्या जोडीला अमोनियम क्लोराइड द्यावे लागे. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. बीदरच्या कारागिरांना त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून त्या लेपाने बिदरी भांड्यांना काळा रंग चढविण्याची कला या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोटात गेलेल्या नवसागरातील अमोनियाचे यकृतात युरियात रूपांतर होते आणि मागे हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश उरतो. मूत्र आम्लधर्मी होते ते त्यामुळे.

पुढे सल्फा औषधे आली, १९४४ साली वाक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर केला आणि आहार-नियमनाची ती खटपट मागे पडली. तथापि स्ट्रेप्टोमायसिन आम्लधर्मी माध्यमात अत्यंत दुर्बळ ठरते, हे ऑक्सफर्डच्या अब्राहम व ड्यूथी यांनी १९४६ सालीच प्रसिद्ध केले होते. औषध नवे आले म्हणून जुना प्रश्न सुटला नव्हता. त्याचे स्वरूप मात्र बदलले.

कोणते औषध कोठे बळावते

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकॅसिन हा एक गट घ्या. ही औषधे अल्कधर्मी मूत्रात प्रभावी असतात आणि मूत्र आम्लधर्मी होत जाईल तसतशी त्यांची जंतुनाशक शक्ती अनेक पटींनी घटते. याचे कारण जंतूच्या आवरणात आहे. जंतूच्या अंतःपटलाच्या आतील बाजूस ऋण विद्युत्‌भार असतो आणि धनभारित असे हे औषध त्या ओढीनेच आत खेचले जाते. परिसर आम्लधर्मी झाला की पटलावरील हा विद्युत्‌दाब उतरतो, आणि औषध बाहेर विपुल असूनही आत शिरत नाही. जंतू प्रतिकारक्षम झालेला नसतो. त्याच्यापर्यंत औषध पोहोचलेलेच नसते. गायीच्या अल्कधर्मी मूत्रात स्ट्रेप्टोपेनिसिलिनचे जे यश आपण पाहतो, ते पाहून मांसाहारी कुत्र्याच्या मूत्राशयदाहावर तेच देऊ गेल्यास त्यातील स्ट्रेप्टोमायसिनचा भाग बव्हंशी वाया जाण्याचा संभव आहे.

एन्रोफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटाचेही तेच. उदासीन माध्यमात या रेणूवर धन व ऋण भार समतोल असतात आणि त्या अवस्थेत तो जंतूच्या आवरणातून पार होतो. सामू सहाच्या खाली गेला की रेणू धनभारित होऊन अडतो. एरिथ्रोमायसिनही अल्कधर्मी बाजूलाच कार्यक्षम आहे, परंतु मूत्ररोगात त्याचा फारसा उपयोग नसल्याने त्याचा विस्तार करीत नाही.

याउलट नायट्रोफ्युरॅन्टॉइन, टेट्रासायक्लिन व फॉस्फोमायसिन ही आम्लधर्मी मूत्रात अधिक कार्य करतात. मेथेनामाइनची तर गोष्टच निराळी. ते स्वतः जंतुनाशक नाही. आम्लधर्मी मूत्रात त्याचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड सुटते आणि ते जंतूंना मारते. सामू सहाच्या खाली, शक्यतो साडेपाचच्या आसपास, नसेल तर मेथेनामाइनच्या गोळ्या देणे म्हणजे पाण्यात पैसा टाकणे होय. ते सल्फा औषधांसोबत देऊ नये, कारण त्यांचा न विरघळणारा साका बसतो. सल्फा औषधे स्वतः अल्कधर्मी मूत्रात अधिक विरघळतात. आम्लधर्मी आणि घट्ट मूत्रात त्यांचे स्फटिक होण्याचा धोका असतो. कलबुर्गीच्या वैशाखात, जेव्हा कुत्रे दिवसभर सावलीत धापा टाकीत पडून असते आणि पाणी बेताचेच पिते, तेव्हा ही गोष्ट विशेष सांभाळावी.

पेनिसिलिन गटातील अँपिसिलिन व अ‍ॅमॉक्सिसिलिन यांच्यावर मूत्राच्या सामूचा परिणाम नेहमीच्या मर्यादेत किरकोळच होतो. पशुवैद्यकाच्या दृष्टीने हा त्यांचा मोठा गुण आहे. ती मूत्रात शेकडो मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतक्या प्रमाणात उतरतात आणि हे प्रमाण रक्तातील पातळीच्या कितीतरी पट असते. सामू ठाऊक नाही, जंतू ठाऊक नाही, आणि कुत्री तर वेदनेने थेंबथेंब मुतते आहे, अशा वेळी प्रथम हाती घ्यावे असे औषध अ‍ॅमॉक्सिसिलिन होय. सहचर प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांनाच अग्रक्रम दिलेला आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की मग दोन रकाने करावेत, एकात आम्लप्रिय औषधे, दुसऱ्यात अल्कप्रिय, आणि काम संपले. प्रत्यक्षात ते इतके सरळ नाही. सामूचा परिणाम दोन ठिकाणी होतो. एक, जंतूवर काम करताना. दोन, मूत्रपिंडाच्या नलिकेत, जेथे औषध मूत्रात राहील की पुन्हा रक्तात शोषले जाईल हे ठरते. भारित रेणू पटलातून परत जाऊ शकत नाही, तो मूत्रातच अडकून पडतो. ट्रायमेथोप्रिमचे उदाहरण घ्या. ते दुर्बळ अल्क आहे. अल्कधर्मी माध्यमात त्याची जंतूवरील शक्ती वाढते खरी, परंतु आम्लधर्मी मूत्रात ते भारित होऊन अधिक प्रमाणात मूत्रात साचते. म्हणजे एका बाजूने जे गमावले ते दुसऱ्या बाजूने काही अंशी भरून निघते. नायट्रोफ्युरॅन्टॉइन दुर्बळ आम्ल आहे, त्याचा हिशेब याच्या उलट. मूत्र आम्लधर्मी असता त्याची शक्ती वाढते, पण शोषणही वाढते. म्हणून सामूचा आकडा पाहून औषध यांत्रिकपणे निवडू नये. परंतु जेंटामायसिन व एन्रोफ्लॉक्सासिन यांच्या बाबतीत मात्र हा आकडा उपेक्षिता येण्यासारखा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेची थाळी

आता ज्या मुद्द्यासाठी हे सर्व विवेचन केले तो सांगतो. आपण मूत्राचा नमुना प्रयोगशाळेत पाठवितो, तेथे जंतूंचे संवर्धन होते, संवेदनक्षमता चाचणी होते आणि अमुक औषधास जंतू संवेदनक्षम असल्याचा कागद आपल्या हाती येतो. त्या कागदावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. परंतु ज्या म्यूलर-हिंटन आगराच्या थाळीवर ती चाचणी होते, तिचा सामू ७.२ ते ७.४ असा ठरवून दिलेला असतो. तो सर्वत्र समान असावा हेच योग्य, अन्यथा दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना करता येणार नाही. तथापि तुमच्या रुग्णाच्या मूत्राशयातील सामू त्या थाळीला ठाऊक नसतो. थाळीवर जेंटामायसिनभोवती मोठे स्वच्छ वर्तुळ दिसले, म्हणून ५.५ सामूच्या मूत्रातही तेवढाच प्रभाव पडेल असे नाही. उलट थाळीवर दुर्बळ ठरलेले औषधही मूत्रात साठणाऱ्या प्रचंड प्रमाणामुळे मूत्राशयापुरते यशस्वी होऊ शकते. अहवाल चुकीचा नसतो. तो एका विशिष्ट परिस्थितीतील उत्तर सांगतो, आणि ती परिस्थिती व आपला रुग्ण यांत किती अंतर आहे हे पाहणे आपले काम आहे. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर आणि आपल्या नोंदवहीत ताज्या मूत्राचा सामू लिहिण्याची सवय लावली, तर अहवाल हाती आल्यावर तो वाचण्याची दृष्टीच बदलते.

सामूचा दुसराही उपयोग आहे, आणि ग्रामीण दवाखान्यात तो कदाचित पहिल्यापेक्षा मोठा ठरेल. जंतू कोणता असावा याची तो सूचना देतो. प्रोटियस आणि श्वानांतील स्टॅफिलोकोकस हे जंतू युरिएज नावाचे विकर स्रवतात. त्यामुळे मूत्रातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि सामू आठाच्याही पुढे जातो. अशा मूत्राला उग्र दर्प येतो. त्यात मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे, म्हणजे स्ट्रुव्हाइटचे, खडे जमतात. श्वानांतील स्ट्रुव्हाइट खडे बहुधा अशा संसर्गातूनच होतात. ई. कोलाय हा श्वानांतील मूत्ररोगाचा सर्वाधिक आढळणारा जंतू मात्र युरिएज स्रवत नाही, त्यामुळे त्याचा संसर्ग असूनही मूत्र आम्लधर्मी राहू शकते. ताजे मूत्र, पू भरपूर, आणि सामू आठ, असे चित्र दिसले तर नायट्रोफ्युरॅन्टॉइनचा विचार सोडून द्यावा. एक तर अल्कधर्मी मूत्रात ते दुर्बळ होते, आणि दुसरे म्हणजे प्रोटियस हा जंतू त्याला व टेट्रासायक्लिनलाही मुळातच दाद देत नाही. मेथेनामाइनचीही तीच गत, कारण तुम्ही मूत्र आम्लधर्मी करावयास जाल तर जंतू ते तेथल्या तेथे पुन्हा अल्कधर्मी करील.

समजा, भालकीजवळच्या एका आखाड्यावरून आठ वर्षांची कुत्री दवाखान्यात आणली आहे. मालक सांगतो, “डॉक्टरसाहेब, हिला उन्हाळी लागली बघा. चार दिवस झाले, घडीघडी बसते, नि शेवटाला रगत पडतंय.” गावात कोणीतरी जेंटामायसिनची तीन इंजेक्शने टोचली आहेत, गुण नाही. आपण ताजे मूत्र घेतो, सामूपट्टी बुडवितो, रंग सहाच्या जवळचा येतो. सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशी व दंडाकृती जंतू दिसतात. येथे चौथे जेंटामायसिन देण्यात अर्थ नाही. मूत्र आम्लधर्मी आहे, जंतू बहुधा ई. कोलाय आहे आणि मूत्रपिंडाला अपायकारक असे औषध एका वयस्क, कदाचित पाणी कमी पडलेल्या कुत्रीला देत राहण्याचा धोका आहेच. नमुना संवर्धनासाठी ठेवून अ‍ॅमॉक्सिसिलिन सुरू करावे, तीन ते पाच दिवस द्यावे, पाणी मुबलक ठेवण्यास सांगावे. हीच कुत्री सामू साडेआठ व दर्पयुक्त मूत्र घेऊन आली असती, तर प्रथम पोटावरून मूत्राशय चाचपून आणि शक्य असल्यास क्ष-किरण चित्र काढून खडा आहे काय हे पाहिले असते. खडा असेल तर कोणतेही प्रतिजैविक जंतूंना खड्याच्या आतून उखडू शकत नाही, मग मूत्राचा सामू काहीही असो.

सामू बदलावा काय

औषधाला अनुकूल व्हावे म्हणून मूत्राचा सामू मुद्दाम बदलावा काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे उत्तर, बहुतेक वेळा नाही. औषध बदलणे हे सामू बदलण्यापेक्षा सोपे आणि निर्धोक आहे. नवसागराने रक्तातील आम्लता वाढते. मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे असलेल्या प्राण्याला तो देऊ नये. फार काळ मूत्र आम्लधर्मी ठेवल्यास कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होण्याची प्रवृत्ती वाढते आणि ते खडे औषधाने विरघळत नाहीत. खायचा सोडा मूत्र अल्कधर्मी करतो खरा, पण त्यातील सोडियम हृदयरोगी कुत्र्याला घातक ठरू शकते. घरगुती समजुतींबद्दलही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. लिंबू आंबट, तेव्हा त्याने मूत्र आम्लधर्मी होईल, असे अनेकांना वाटते. वस्तुतः लिंबातील सायट्रिक आम्लाचे शरीरात ज्वलन होते आणि त्याच्या क्षारांपासून बायकार्बोनेट बनते, त्यामुळे परिणाम झालाच तर तो अल्कतेकडे होतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचाही या कामी भरवसा धरता येत नाही. धने-जिऱ्याचे किंवा सब्जाचे पाणी मालक पाजतो, त्यात गुण असलाच तर पाण्याचा आहे. आणि तो लहान नाही, कारण मूत्र पातळ व वाहते राहणे हा मूत्राशयाचा स्वतःचा उपचार आहे.

जुनाट, वारंवार उलटणाऱ्या रोगात मेथेनामाइन द्यावयाचे ठरले, तरच मूत्र आम्लधर्मी राखण्याचा प्रयत्न समर्थनीय ठरतो, आणि तोही दर काही दिवसांनी सामू मोजून.

मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचला असेल, कुत्र्याला ताप असेल, कमरेपाशी दुखत असेल, ते खाणे सोडून बसले असेल, तर वरील हिशेब अपुरा पडतो. तेथे औषधाची रक्तातील व ऊतींतील पातळी महत्त्वाची असते आणि मूत्राचा सामू दुय्यम ठरतो. नायट्रोफ्युरॅन्टॉइन तेथे निरुपयोगी आहे, कारण ते मूत्राशयापलीकडे पुरेशा प्रमाणात पोहोचतच नाही.

मांजरांविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल. तरुण मांजर वारंवार मुतावयास बसते, रडते, रक्त पडते, तरी त्यात जंतू बहुधा नसतात. जंतुसंसर्ग प्रामुख्याने वृद्ध, मूत्रपिंडविकार किंवा मधुमेह असलेल्या मांजरांत आढळतो. मांजरातील स्ट्रुव्हाइट खडेही बहुतेक वेळा जंतूविनाच होतात. तेव्हा तरुण मांजराच्या अशा तक्रारीवर सामू पाहून प्रतिजैविक निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण प्रतिजैविकाचीच गरज नसते. बोक्याचे मूत्र तुंबले असल्यास मात्र एक तासाचाही विलंब न करता मार्ग मोकळा करावा. आणि एन्रोफ्लॉक्सासिन मांजराला दिवसाला दर किलो वजनास ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये, त्याने दृष्टिपटलास इजा होऊन अंधत्व येऊ शकते.

आपल्या नेहमीच्या रुग्णांकडे वळून एवढेच सांगतो. गायीच्या वृक्कदाहास कारणीभूत होणारा कोरिनेबॅक्टेरियम रेनेल हा जंतू युरिएज स्रवतो आणि अल्कधर्मी मूत्रातच मूत्रमार्गाच्या आवरणाला अधिक चिकटतो. त्यावर पेनिसिलिन पुरेशा मात्रेत व पुरेसे दिवस देणे हाच आजही विश्वसनीय उपचार आहे. बोकडांत, विशेषतः खुराकावर वाढविलेल्या उस्मानाबादी बोकडांत, मूत्रखडे टाळण्यासाठी नवसागराचा उपयोग होतो, तो मात्र जंतूंसाठी नव्हे. नायट्रोफ्युरान गटातील कोणतेही औषध दूध, मांस वा अंडी देणाऱ्या प्राण्याला देऊ नये.

औषध किती दिवस द्यावे याविषयी पूर्वी दहा ते चौदा दिवसांचा प्रघात होता. मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गात तीन ते पाच दिवस पुरेसे असल्याचे आता मान्य झाले आहे. तसेच लघवीत जंतू सापडले, पण कुत्र्याला कोणताही त्रास नाही, तर उपचार करू नये. मालकाला हे पटविणे कठीण जाते. कागदावर जंतूचे नाव छापलेले असताना डॉक्टर औषध देत नाही, हे त्याला चमत्कारिक वाटते. तथापि ज्या अंगणात कुत्रे झोपते त्याच अंगणात लेकरे खेळतात, आणि कुत्र्याच्या आतड्यात वाढलेले हट्टी जंतू त्या घरापुरते राहात नाहीत, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगता येते. मराठीत, कानडीत वा दखनीत, ज्याला जी जवळची त्या भाषेत सांगावे.

शेवटी नमुन्याविषयी. सामू ताज्या मूत्राचाच मोजावा, अर्ध्या तासाच्या आत. उघड्या बाटलीत तासन्‌तास राहिलेल्या मूत्रातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, जंतू युरिया फोडतात आणि सामू खोटाच चढतो. पट्टीवरील रंगात अर्ध्या ते एका अंकाची चूक संभवते, म्हणून ६.५ व ७ यांतील फरकावरून वाद घालू नये. ५.५ व ८ यांतील फरक मात्र पट्टीही प्रामाणिकपणे सांगते. त्याच पट्टीवरील श्वेतपेशींचा व नायट्राइटचा चौकोन श्वान-मांजरांत विश्वसनीय नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकच पाहावा. संवर्धनासाठी मूत्र शक्यतो सुईने थेट मूत्राशयातून, निर्जंतुक पिचकारीत घ्यावे, आणि तेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. बीदरला कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे मुख्यालय व महाविद्यालय आहे, उदगीरला महाराष्ट्राच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, आणि भालकी या दोहोंच्या मधे, एकाच लोहमार्गावर आहे. नमुना बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवल्यास चोवीस तास टिकतो. बाटलीवर प्राण्याची जात, वय, लिंग, यापूर्वी टोचलेली औषधे, शेवटचे खाणे किती वाजता झाले आणि नमुना घेतला त्या क्षणीचा सामू, हे सर्व पेन्सिलीने लिहावे. बर्फाच्या पाण्याने शाई पुसली जाते.